गिरणीची जुनी इमारत नव्या कामासाठी सावरताना

बंद पडलेल्या गिरणीची इमारत ताब्यात आली की बहुतेक मालक सर्वप्रथम साफसफाई करून घेतात, आणि पहिल्या महिन्यात नेमके तेच करू नये. जमिनीवरचे तेलाचे काळे डाग, यंत्रांचे पाय जखडून ठेवणारे बोल्ट, खांबांवर रंगवलेले आकडे, भिंतीला टेकवून ठेवलेले पत्र्याचे फलक आणि टाइम ऑफिसच्या खोलीत उंदरांनी कुरतडलेले हजेरीपट हे सारे झाडलोट करणाऱ्याच्या दृष्टीने भंगार असते. पण या इमारतीत कोणते काम कोणत्या क्रमाने चालत होते हे सांगणारा दुसरा पुरावा बहुधा उरलेला नसतो. म्हणून कुलूप उघडल्यावर आधी पहारा बसवावा, मग कॅमेरा आणि मोजपट्टी आत न्यावी, आणि झाडूला सर्वांत शेवटी बोलवावे. पहाऱ्याचा उल्लेख मी मुद्दाम आधी करतो, कारण रिकाम्या गिरणीतील बर्मा सागवानाच्या तुळया आणि ओतीव लोखंडाचे खांब यांना भंगाराच्या बाजारात भाव असतो आणि ते रात्रीतून नाहीसे होतात.

पुढील विवेचन मुख्यतः मुंबईच्या गिरणगावातील कापडगिरण्या डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झालेली गिरणी ही या शहरातील पहिली. त्यानंतरच्या काही दशकांत लालबाग, परळ, शिवडी, लोअर परळ या पट्ट्यात जी बांधकामे उभी राहिली, त्यांतील अनेक १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतरच्या काळात बंद पडली, पाडली गेली किंवा नुसती पडून राहिली. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, अमळनेर येथील गिरण्यांची घडण थोड्याफार फरकाने अशीच होती, आणि विदर्भ-खानदेशातील जिनिंगचे कारखाने किंवा कोकणपट्टीतील कौलांचे कारखाने यांनाही यातील बराच भाग लागू पडेल. विशेषतः चुना, छप्पर आणि पाणी यांविषयीचा.

नोंद कशी करावी

गिरणीच्या आवारात सहसा दोन वेगळ्या जातींच्या इमारती असतात आणि त्यांच्यातील फरक समजल्याखेरीज नोंद अर्थपूर्ण होत नाही. सूतकताईचे काम तीन-चार मजली इमारतीत चालत असे, कारण चात्यांची यंत्रे वरच्या मजल्यांवर ठेवता येत होती. मागांचे हादरे मात्र मजल्यांना सोसवत नसत, शिवाय विणकराला सूत दिसण्यासाठी वरून एकसारखा उजेड लागे, म्हणून साचेखाते, म्हणजे मागांचा विभाग, एकमजली, पसरट आणि करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली असे. ज्याला आपण सुंदर छप्पर म्हणून छायाचित्रात पकडतो, ते विणकराच्या डोळ्यांची आणि मागाच्या हादऱ्यांची सोय होती. हे लक्षात ठेवले की पुढे कोणती भिंत पाडायची आणि कोणती नाही याचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

मोजणीचे नकाशे १:१०० या प्रमाणात करावेत आणि खांब, कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा), जिना, खिडकी यांसारख्या पुन्हापुन्हा येणाऱ्या घटकांचे तपशील १:१० पर्यंत काढावेत. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा. तो क्रमांक भिंतीवर रंगवू नये, दोरीने बांधलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर लिहावा. छायाचित्र घेताना चौकटीत मोजपट्टी आणि क्रमांक दोन्ही यायला हवेत, नाहीतर सहा महिन्यांनी दोनशे सारख्याच खांबांची दोनशे सारखीच चित्रे हाती उरतात. हल्ली लेझर स्कॅन सहज करून मिळतो आणि तो जरूर करावा, परंतु त्याने हातमोजणी टळत नाही, कारण स्कॅनला पृष्ठभाग दिसतो. गिलाव्याखाली वीट आहे की दगड, हे त्याला दिसत नाही.

यासोबतच, आणि माझ्या मते याहूनही आधी, त्या गिरणीत काम केलेल्या माणसांना इमारतीत परत बोलवावे. घरी जाऊन मुलाखत घेणे आणि जागेवर उभे राहून ऐकणे यांत मोठे अंतर आहे. त्रासनखात्यातला, म्हणजे सूतकताईच्या विभागातला, कामगार आपल्या जागेवर उभा राहिला की त्याला जॉबर, म्हणजे मुकादम, कुठून यायचा, पाण्याचे पिंप कुठे असायचे, उन्हाळ्यात कोणत्या खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून भांडणे व्हायची, दसऱ्याला यंत्रांची पूजा कोणत्या टोकापासून सुरू व्हायची, हे आठवू लागते. ते सारे नकाशाच्या प्रतीवर त्या-त्या ठिकाणीच टिपावे. १९८२ साली विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून पुढे गेला आहे, तेव्हा हे काम ठेकेदार नेमण्यापूर्वी उरकणे भाग आहे. जुन्या आराखड्यांसाठी महापालिकेचे इमारत प्रस्ताव खाते, मुंबईतील राज्य पुराभिलेखागार आणि कंपनीचे वार्षिक अहवाल ही तीन ठिकाणे अवश्य पाहावीत.

परवानग्या, थोडक्यात

मुंबईतील वारसा नियमावली १९९५ पासून अमलात आहे आणि तिच्यानुसार सूचीतील वास्तूंना प्रथम, द्वितीय अ, द्वितीय ब आणि तृतीय अशा श्रेणी दिल्या जातात. श्रेणीनुसार आतील व बाहेरील बदलांची मुभा कमी-जास्त होते. आपली इमारत सूचीत नसली तरी ती वारसास्थळाच्या परिसरात येते का हे तपासावे. कापडगिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत वेगळी तरतूद होती. तीत गिरणीची जमीन मोकळी झाल्यास तिचा वाटा महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात विभागला जाणे अपेक्षित होते. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरता आक्रसला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य धरली. या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ एवढाच, की इमारत पाडणे, अंशतः पाडणे आणि आहे त्या सांगाड्यात वापर बदलणे या तिन्हींचे कायदेशीर परिणाम भिन्न असू शकतात, तेव्हा आराखडा कागदावर उतरवण्यापूर्वी सध्याच्या नियमांची जाण असलेल्या वास्तुविशारदाचा लेखी सल्ला घ्यावा.

लोखंड ओळखल्याशिवाय त्याला हात लावू नये

जुन्या गिरणीत तीन प्रकारचे लोखंड एकाच छताखाली नांदत असते, आणि तिन्हींना एकच समजणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. खांब बहुधा ओतीव लोखंडाचे असतात: पृष्ठभाग किंचित खरबरीत, साच्याच्या दोन अर्ध्यांची उभी रेघ बोटाला लागणारी, आणि माथ्याशी नक्षी किंवा ओतशाळेचे नाव. हे लोखंड दाब उत्तम सोसते, परंतु ताण आणि धक्का यांच्यापुढे काचेसारखे तडकते. गर्डर आणि पट्ट्या घडीव लोखंडाच्या किंवा नंतरच्या काळातील पोलादाच्या असतात, ते वाकतात पण एकाएकी तुटत नाहीत. या भेदाला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील श्रूजबरी येथे १७९७ मध्ये बांधलेली जवसाच्या धाग्याची (लिननची) गिरणी ही लोखंडी सांगाड्याची जगातील पहिली इमारत मानली जाते. तिच्या खांबांबरोबर तुळयाही ओतीव लोखंडाच्याच होत्या, आणि दीर्घ दुरुस्तीनंतर ती २०२२ मध्ये पुन्हा लोकांसाठी खुली झाली.

ओतीव खांब पोकळ असतो आणि ओतताना आतला गाभा सरकलेला असल्यास एका बाजूची जाडी दुसरीच्या निम्मीही असू शकते. म्हणून एकाच उंचीवर निदान तीन ठिकाणी अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजावी, आणि हिशेब करताना सरासरी न घेता सर्वांत कमी आकडा धरावा. काही साचेखात्यांत हेच पोकळ खांब छपरावरचे पाणी खाली नेणाऱ्या नळाचे कामही करत. असा खांब बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून गंजत असतो. पायाशी ओल दिसली, तर आधी तोच संशय घ्यावा.

ओतीव लोखंडावर साधे वेल्डिंग करू देऊ नये. उष्णतेने शेजारचा भाग ठिसूळ होऊन नवी चीर पडते. तडा गेलेला खांब थंड पद्धतीने, म्हणजे धातूच्या कुलुपांनी शिवून, किंवा बाहेरून दोन अर्धगोल पोलादी पट्ट्या बोल्टने आवळून सावरता येतो. ही पट्टी दिसली तर दिसू द्यावी. दुरुस्ती ही दुरुस्तीसारखी दिसण्यात कमीपणा नाही, आणि पुढे कोणाला ती काढायची झाल्यास काढता येते.

आता मजल्यांकडे वळू. जुन्या गिरण्यांत लोखंडी गर्डरांच्या मध्ये विटांच्या चपट्या कमानी भरून त्यावर कोबा घातलेला असतो. मिस्त्री त्याला जॅक आर्च म्हणतात. काही ठिकाणी कमानींऐवजी दगडी लाद्या असतात, तो लादीकोबा. यांतील कमानींची गंमत अशी, की प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला ढकलत असते आणि सर्वांचा तोल एकमेकांवर अवलंबून असतो. लिफ्टसाठी किंवा जिन्यासाठी मधलीच एक कमान काढली, तर दोन्ही बाजूंच्या कमानींना टेकू उरत नाही. माझ्या पाहण्यातील एका इमारतीत ठेकेदाराने शनिवारी दुपारी अशी एक कमान फोडली आणि सोमवारी सकाळी आलेल्या लोकांना शेजारच्या तीन कमानींत हात जाईल एवढ्या भेगा दिसल्या. कोणी खाली नव्हते म्हणून निभावले. कमान काढायचीच असेल तर आधी सबंध रांगेखाली आडवे-उभे टेकू द्यावेत, कापायच्या जागेच्या दोन्ही अंगांना गर्डर एकमेकांशी ताण-सळयांनी जखडावेत, आणि मगच काम सुरू करावे. लिफ्ट बाहेर, नव्या स्वतंत्र मनोऱ्यात घेता येत असेल तर हा सगळा खटाटोपच टळतो.

एक दिलासा असा की या मजल्यांची वजन पेलण्याची क्षमता सहसा चांगली असते, कारण ते यंत्रांसाठी बांधले होते. तरीही कागदोपत्री गृहीत धरण्यापेक्षा पाण्याच्या टाक्या किंवा वाळूच्या गोण्या रचून भार-चाचणी घ्यावी आणि मजला किती लवतो व भार काढल्यावर किती परत येतो याची नोंद ठेवावी.

चुन्याच्या भिंतीला चुनाच द्यावा

गिरणगावातील भिंती काळ्या दगडाच्या किंवा विटेच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. अशी भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात ते सांध्यांतून बाहेर टाकते. सांध्यांत सिमेंट भरले की ही वाट बंद होते, पाणी विटेतूनच बाहेर पडू लागते, त्याबरोबर आलेले क्षार विटेच्या कातडीखाली साखळतात आणि दोन-चार वर्षांत विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंटच्या रेषा मात्र शाबूत राहतात, आणि मग भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसू लागते. आतून प्लास्टिकचा रंग देणे हा याच चुकीचा दुसरा प्रकार आहे.

जुन्या चुन्यात काय होते हे शोधण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीच्या आतल्या भागातून चुन्याचे ढेपूळ काढून वाळवून तोलावे, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावे आणि फसफसणे थांबल्यावर तळाशी उरलेली वाळू धुऊन, वाळवून पुन्हा तोलावी. चुना विरघळतो, वाळू उरते, दोन्हींचे प्रमाण कळते. उरलेल्या वाळूचा रंग आणि दाण्यांचा आकार पाहून तशीच वाळू मागवता येते, आणि तांबूस भुकटी उरली तर सुरखी, म्हणजे विटांची पूड, वापरली होती हेही समजते. मुंबईसारख्या किनाऱ्यावर वाळूत शिंपल्यांचा चुरा असण्याचा संभव असतो, आणि तोही आम्लात विरघळतो, म्हणून भिंगाखाली आधी पाहून घ्यावे.

नवे मिश्रण साधारणतः एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग वाळू-सुरखी असे बसते, पण अंतिम प्रमाण भिंतीच्या एका कोपऱ्यात नमुना करून आणि तो किमान एक महिना पाहून ठरवावे. कळीचा चुना विझवून हौदात पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्यावा. गूळ, बेलफळ, मेथी यांचे पाणी घालण्याची परंपरा आहे आणि अनुभवी मिस्त्री असेल तर त्याचे ऐकावे, मात्र या पदार्थांच्या कौतुकात चुना नीट मुरवणे आणि वाळू स्वच्छ धुणे या दोन मुख्य गोष्टी राहून जातात, असे वारंवार दिसते. जुने सांधे छिन्नी-हातोडीने खरवडावेत. फिरत्या चकतीचे यंत्र वापरले की विटेच्या कडा जातात आणि सांधा कायमचा रुंद होतो. सांधा जितका रुंद, त्याच्या दुप्पट खोल खरवडून, पाणी मारून, मग दर्जा, म्हणजे हे सांधे, चुन्याने भराव्यात आणि आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्यात. चुन्याचे काम ऑक्टोबर ते मे या काळातच आखावे. वेळापत्रकात हे सामावत नसेल तर वेळापत्रक बदलावे.

भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून उपटण्याचा मोह टाळावा, कारण मुळांबरोबर दगड येतात. खोड भिंतीलगत कापून, कापलेल्या जागी लगेच मारक औषध लावून, मुळे मरेपर्यंत थांबावे आणि मग एकेक दगड सोडवून, मुळे काढून, तो तिथेच परत बसवावा.

छप्पर, म्हणजे खरे तर पाणी

करवतीच्या दात्यांचे छप्पर ही लँकेशायरहून आलेली रचना आहे आणि ती आपल्या पावसासाठी केलेली नव्हती. दोन दात्यांमधली पन्हाळ हा तिचा दुखरा भाग. समजा दात्याची रुंदी ७ मीटर आणि लांबी ६० मीटर आहे, तर एका पन्हाळीत ४२० चौरस मीटर छपराचे पाणी येते. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस झाला तर एका तासात ४२,००० लिटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता हे आठवले, की जुन्या मापाची पन्हाळ तशीच ठेवण्याचा हट्ट किती महागात पडेल हे ध्यानात येते. येथे इतिहासाशी थोडी तडजोड करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पन्हाळ खोल आणि रुंद करावी, दोन्ही टोकांना उतार द्यावा, तुंबल्यास पाणी आत न येता बाहेर सांडावे म्हणून टोकाच्या भिंतीत मोकळी तोंडे ठेवावीत, आणि माणसाला वाकून का होईना पण चालत जाऊन ती साफ करता आली पाहिजे. खांबांमधून पाणी नेण्याची जुनी पद्धत बंद करून नवे नळ बाहेरून खाली आणावेत.

दुसरी गोष्ट उजेडाची. इंग्लंडमध्ये उत्तरेकडे तोंड केलेल्या काचेतून मागांवर थेट ऊन जवळजवळ येत नाही. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो ईशान्य-वायव्येकडून थेट आत शिरतो. गिरणीकाळात काचांना निळा किंवा पांढरा रंग फासण्याचे हे एक कारण असावे. नवा वापर ग्रंथालयाचा किंवा प्रदर्शनाचा असेल तर बाहेरून बारीक पट्ट्यांची सावली द्यावी. आतून पडदे लावल्याने ऊन आत येऊनच थांबते. काचा काढून तिथे पत्रे ठोकणे आणि खाली सपाट कृत्रिम छत टांगून वातानुकूलन करणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे. त्यानंतर ती इमारत कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील गोदामासारखी होते, म्हणून तो मी सुचवणार नाही.

छपरावर मंगलोरी कौले असतील तर ती उतरवून, ठोकून आवाजावरून पारखून, चांगली परत वापरावीत. कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप जपण्याजोगा असतो. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला हा उद्योग सुरू केला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर त्याचे अनेक कारखाने झाले. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस आहे असेच गृहीत धरावे. ते फोडू, कापू किंवा भोके पाडू नयेत, आधी पाण्याने भिजवावेत, बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत आणि घातक कचऱ्याची अधिकृत विल्हेवाट लावणाऱ्यांकडेच द्यावेत. कामगारांना साधा रुमाल पुरत नाही, योग्य दर्जाचा मुखवटा लागतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल आणि रंगखात्याखालची माती यांचीही प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

शक्य असेल तर काम सुरू करण्यापूर्वी इमारतीत एक पूर्ण पावसाळा काढावा. पाणी कुठून येते, किती दिवसांनी वाळते, रस्त्यावरचे पाणी दारातून आत येते का, हे पाहिल्याखेरीज कळत नाही. गिरणगावातील रस्ते थरावर थर चढून अनेक ठिकाणी जुन्या जोत्याच्या वर गेले आहेत, आणि ज्या दारातून पूर्वी पाणी बाहेर जाई त्यातून आता ते आत येते.

नवा वापर आणि आग

वापर आधी ठरवून इमारत त्यात कोंबण्यापेक्षा इमारतीला काय पेलते हे पाहून वापर शोधावा. साचेखात्याच्या पसरट जागेत बाजार, ग्रंथालय, कार्यशाळा, तालीम किंवा प्रदर्शन चांगले नांदते. कताईच्या मजल्यांवर कचेऱ्या आणि वर्ग. स्नानगृहे आणि स्वयंपाकघरे सुटी, नव्या बांधकामात घ्यावीत, कारण दर मजल्यावर नळ खेळवले की कमानी फोडणे आले आणि लोखंडाला कायमची ओल लागली. नवे काही घालायचेच झाले तर ते जुन्या भिंतीपासून हातभर सुटे उभे करावे. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्राचे २००० मध्ये कलादालन झाले तेव्हा टर्बाइनची प्रचंड जागा मजले घालून भरली नाही, ती रिकामीच राखली. चौरस फुटांचा हिशेब करणाऱ्या मालकाला हे पटवणे कठीण असते, पण निदान एक दालन तरी जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे ठेवावे.

आगीच्या बाबतीत मात्र इतिहासाची सबब चालणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. गिरणीच्या लाकडी जमिनीत कित्येक दशकांचे तेल आणि फटींत कापसाची धूळ असते, ती निर्वात यंत्राने ओढून काढावी. जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा धरते आणि आतला गाभा काही काळ तग धरतो. उघडे पोलाद ५५० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते, आणि तापलेल्या ओतीव खांबावर पाणी पडले की तो तडकू शकतो. खांबांना फुगणारा अग्निरोधक रंग पातळ थरात देता येतो, त्याने ओतकाम झाकले जात नाही. पाण्याचे फवारे बसवण्यात संकोच करू नये, ते गिरणीला परकेही नाहीत: नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकातच आग विझवणारे फवारे आणि हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली होती. दुसरा जिना नसेल तर तो बाहेरून, पोलादाचा, नवा म्हणून ओळखता येईल असा जोडावा.

चिमणी, यंत्रे आणि माणसांच्या खुणा

चिमणी राखली की इतिहास राखला असा एक समज रूढ झाला आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या मधोमध उभी आहे, आणि ती पाडली गेली नाही हे चांगलेच झाले. परंतु तिच्याखालून जाणाऱ्या तरुणाला बॉयलर कुठे होता, वाफ कुठे जात होती आणि त्यावर काय फिरत होते याचा थांग लागत नाही. २००३ च्या निझनी तागिल सनदेत औद्योगिक वारशाची व्याख्या करताना इमारतींबरोबर यंत्रे, गोदामे, वीजनिर्मितीच्या जागा, वाहतूक आणि कामगारांच्या वस्त्यांचाही समावेश केला आहे. त्या अर्थाने जपायचा असतो तो क्रम: बॉयलर, इंजिनघर, आणि गाठ फोडण्यापासून पिंजणे, कातणे, कांजी देणे, विणणे आणि घडी घालणे येथपर्यंतची वाट. सगळी यंत्रे ठेवणे कोणालाच परवडत नाही. प्रत्येक खात्यातले एक यंत्र त्याच्या मूळ जागी, मूळ बोल्टांवर ठेवावे, आणि बाकीच्यांच्या पायांचे ठसे जमिनीत पितळी पट्टीने आखावेत. खांबांवरचे शाफ्टचे (यंत्रांना गती देणाऱ्या फिरत्या दांड्याचे) कंस कापू नयेत. विजेच्या तारा आणि हवेचे नळ त्यांच्याच रेषेत नेले तर नव्या सोयींनाही शिस्त येते.

चिमणीची स्वतःची दुरुस्ती वेगळ्या तज्ज्ञाकडून करून घ्यावी. ड्रोनने सर्व बाजूंची चित्रे घेऊन, कल मोजून, एक वर्षाने तो पुन्हा मोजावा, कारण जुना स्थिर कल आणि वाढता कल यांचे उपाय सर्वस्वी भिन्न आहेत. वीजवाहक पट्टी आणि लोखंडी कडी तपासाव्यात. माथा बंद करताना हवा खेळती राहील असे झाकण बसवावे, नाहीतर आत दमट हवा कोंडून सांधे सुटतात.

भिंती साफ करताना वाळूचा मारा करू नये. धूम्रपानाच्या मनाईचे फलक, खात्याची नावे, खांबांवरचे क्रमांक, हाताच्या उंचीवर तेलकट झालेले दगड, हे तसेच ठेवावेत. रंगाचा एखादा चौकोन थराथराने खरवडून उघडा ठेवला तर गिरणीने किती वेळा रंग बदलला हे दिसते. आवारातले मारुतीचे किंवा गणपतीचे छोटे देऊळ हे बहुतेक आराखड्यांत अडथळा म्हणून दाखवलेले असते. ते हलवू नये, आणि तिथे जाण्याची वाट नव्या फाटकामुळे बंद होणार नाही याची काळजी घ्यावी, कारण जुने कामगार इमारतीत नाही आले तरी तिथे येतात. माहितीचे फलक आधी मराठीत लिहावेत आणि त्यांवर मालकांच्या नावांबरोबर खात्यांची, पाळ्यांची आणि संपाचीही नोंद असावी. काही मालकांना संपाचा उल्लेख नकोसा वाटतो, पण बहुतेक गिरण्या रिकाम्या का झाल्या हे त्याशिवाय सांगताच येत नाही.

काम संपल्यावर सर्व नकाशे, चाचण्यांचे निकाल, चुन्याचे प्रमाण, कोणत्या खांबाला कोणत्या तारखेला काय केले याची नोंद आणि उरलेली जुनी कौले, विटा, काचा यांचा साठा इमारतीतच एका कोरड्या खोलीत ठेवावा, आणि या नोंदींची एक प्रत बाहेर, एखाद्या महाविद्यालयाकडे किंवा अभिलेखागाराकडे द्यावी. देखभालीच्या वहीत पहिली नोंद दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात पन्हाळी साफ करण्याची असावी, दुसरी पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तासांच्या आत खांबांचे पाय तपासण्याची, आणि छपरावर जाण्याच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे त्याच पानावर ठळक लिहिलेले असावे.